थंडीतला पहिला सेल्फ आणि इंजिनाची टिकटिक

जुनी डिझेल गाडी सकाळी आवाज करते आणि गॅरेजला पोचेपर्यंत गप्प होते, हे ज्याच्या दारात अशी गाडी आहे त्याला सांगायला नको. आपण गाऱ्हाणं सांगतो थंड इंजिनाचं आणि मिस्त्री ऐकतो गरम इंजिन, मग तो बिचारा तरी काय करणार, "हाफ इंजिन करून टाका शेठ, जुनी झालीय" म्हणून मोकळा होतो. हाफ इंजिन म्हणजे इंजिन उघडून आतले झिजलेले भाग बदलणं, त्याला किती पैसे हे लिहीत नाही, उगाच सकाळ खराब होईल.

आमची सहाचाकी निफाडच्या बाजूला, वस्तीवर उघड्यावर उभी असते. डिसेंबर-जानेवारीत इथं पारा पाच-सहा डिग्रीपर्यंत येतो, द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा थंडीत जुन्या इंजिनाने थोडं कडकड करणं हा आजार नाही. डिझेलला स्पार्क प्लग नसतो, हवा दाबली की तापते आणि त्या तापावर डिझेल पेटतं. पण ब्लॉक गारठलेला असला की तो ताप पिस्टन आणि तो ज्या नळकांड्यात फिरतो तो लायनरच खाऊन टाकतात, नोझलने मारलेलं डिझेल पेटायला उशीर लावतं, तोवर अजून डिझेल आत येतं आणि मग सगळं एकदम भडकतं, तोच तो ठोका. नव्या कॉमन रेलवाल्या गाड्या आधी थेंबभर डिझेल मारून घेतात म्हणून त्या शांत, आमचा पंप जुना मेकॅनिकल, त्याला हे लाड माहीत नाहीत. सोबत पांढरा धूर येतो तो न जळलेल्या डिझेलचा. थोड्या वेळात धूर आणि कडकड दोन्ही गेले तर चहा प्या. धूर राहिला आणि इंजिन लंगडत राहिलं तर मात्र नोझल, टायमिंग नाहीतर कॉम्प्रेशन बघावं लागतं.

आमचा आवाज हा नव्हता. बारीक, कोरडी टिकटिक, रेस दिली की वाढणारी, आणि पाणी जरा कोमट झालं की गायब. एकाने टॅपेट, म्हणजे वॉल्व उघडणारी यंत्रणा, सांगितलं, दुसऱ्याने थेट बिग एंड बेरिंग, म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथलं बेरिंग. बेरिंगवर माझा विश्वास बसेना, कारण ऑइल गरम होऊन पातळ झालं की बेरिंगचा ठोका वाढायला पाहिजे, लोडला तर जास्तच, आणि ऑइल प्रेशरचा काटाही खाली बसायला पाहिजे. इथं काटा जागेवर. गरम झाल्यावर जाणारा आवाज बहुतेक वेळा परवडणारा असतो, पिस्टन थंडीत लायनरमध्ये जरा सैल असतो त्याची थपथप पण अशीच जाते.

मग सरळ गाडी संध्याकाळी गॅरेजला नेऊन लावली आणि मिस्त्रीला सांगितलं, सकाळी मी आल्याशिवाय सेल्फ मारायचा नाही. माझ्या मते निम्मं निदान इथंच होतं.

सकाळी त्याने आधी सोपं सोपं बाजूला काढलं. सुरुवातीचे दोन-तीन सेकंदच खडखड होत असेल तर रात्रीत ऑइल खाली उतरलेलं असतं, फिल्टरचा वॉल्व बघायचा. ते नव्हतं. बेल्टवर पाण्याचे चार शिंतोडे मारले, फरक शून्य. क्लच दाबून-सोडून बघितलं, तिथेही काही नाही. नंतर हवेचा काँप्रेसर, ही गोष्ट मला नवीन होती: सकाळी ब्रेकच्या हवेची टाकी रिकामी म्हणून काँप्रेसर लोडवर असतो, हवा भरून फुस्स झालं की त्याचा लोड उतरतो, आवाज त्याच क्षणी पडला तर चोर तिथेच. आमची टाकी भरली तरी टिकटिक चालूच.

मग खरं काम, एकेक नोझलची लाईन ढिली करून तो सिलेंडर कट करणं, म्हणजे त्याचं डिझेल तोडणं. (हे मिस्त्रीलाच करू द्या, आणि चालू इंजिनात डिझेलची बारीक पिचकारी कुठून येतेय हे बोटाने अजिबात चाचपू नका, त्या प्रेशरला डिझेल कातडीतून आत घुसतं. जखम टाचणीएवढी दिसते पण लगेच दवाखाना गाठावा लागतो.) मागचा सिलेंडर कट केला आणि टिकटिक जवळपास बंद. टॅपेट असतं तर कट करून काही फरक पडला नसता, वॉल्व तर उघडतातच ना. म्हणजे आवाज आतल्या स्फोटाशी बांधलेला. उरले नोझल, नोझलखालचं तांब्याचं वॉशर, पिस्टन, आणि सायलेन्सरची बाजू. तेवढ्यात पोराने टॉर्च मारला तर मागच्या पोर्टपाशी मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनाचा धूर सायलेन्सरकडे नेणाऱ्या लोखंडी नळीच्या, जोडावर काळी काजळी, ती आवळून धरणारा एक स्टड तुटलेला. थंडीत फट उघडी, प्रत्येक ठोक्याला गॅस टिक करून बाहेर, लोखंड तापून फुगलं की फट बंद!

तुटलेला स्टड काढण्यातच दुपार गेली, वेल्डिंग करून नट चिकटवला तेव्हा हलला. गॅस्केट नवीन, नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला आवळले, गाडी फिरवून पूर्ण गार झाल्यावर परत एकदा. खर्च हाफ इंजिनाच्या मानाने किरकोळ. थंडीतली कडकड अजून आहे, नोझल टेस्टिंगला द्यायचेत, पण ते लासलगावचा कांदा उरकल्यावर.