आजीला वाचवणारा 'ला'

आज आठवीला इंग्रजीचा तास. फळ्यावर लिहिलं, 'लेट्स ईट ग्रँडमा', आणि विचारलं, काय चुकलं? सगळे गप्प. मग ईटच्या पुढे स्वल्पविराम दिला आणि अर्थ सांगितला: आता आजीला जेवायला बोलावतोय, आधी आजीलाच खात होतो. तेव्हा वर्ग खिदळला. मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, मराठीत नाही असं होत. 'आजीला खाऊया' म्हणायला 'ला' लागतोच की!" खरंच की! मराठीत आजीला विभक्तीचा प्रत्यय वाचवतो, इंग्रजीत बिचारीचा जीव त्या स्वल्पविरामाच्या शेपटीवर टांगलेला. (तशी आपल्याकडे विरामचिन्हं रुजवली ती मेजर कँडी या इंग्रजानंच, एकोणिसाव्या शतकात. जुन्या मोडी लिपीत कुठली आलीयत!)

मग नवीन शब्द. 'रिलक्टंट' काही केल्या पोचेना. 'अनिच्छुक' सांगितलं तर चेहरे आणखी कोरे, कारण तो शब्द घरी बोलतं कोण? शेवटी म्हटलं, आढेवेढे घेणारा. लगेच एकीनं वाक्य केलं, "अवर बफेलो इज रिलक्टंट टू गिव्ह मिल्क." म्हैस पान्हा चोरते म्हणे, रेडकू गेल्यापासून.

वहीत तिनं बफेलोनंतर स्वल्पविराम दिला होता. का गं, विचारलं. म्हणाली, "तिथं दम लागला, बाई."