सँक्च्युअरी मॉड, नोंद ७ : माणशी मक्याची दोन ताटं

फॉलआउट ४ या अणुयुद्धानंतरच्या जगातल्या गेममध्ये सँक्च्युअरी नावाची वस्ती आहे; तिच्यासाठी मी मॉड (गेममध्ये घरी केलेले फेरबदल) करतोय. त्यातलं मक्याचं शेत उभं राहिलं! रविवारी रात्री दीड वाजता सेटलर (वस्तीतला माणूस) कुदळ घेऊन मक्यात शिरला, कमरेच्या वर काहीच दिसेना, आणि फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) ५८. एकटाच टाळ्या वाजवल्या.

किरणोत्साराचं प्रकरण मागच्या नोंदीत मिटलं. युद्ध २०७७ चं, फॉलआउट ४ ची गोष्ट २२८७ ची. सीझियम-१३७ तीस-तीस वर्षांनी निम्मं होत गेलं की एक टक्कासुद्धा उरत नाही. जमीन पिकेल. घोडं अडलं ते पोटापाशी.

मूळ गेममध्ये मक्याच्या ताटाला अन्न ०.५ आणि माणसाची गरज १. म्हणजे दोन ताटांवर एक माणूस वर्ष काढतो! रोज २,००० कॅलरी नुसत्या मक्यातून घ्यायच्या तर साडेपाचशे ग्रॅम दाणे लागतात, वर्षाला २०० किलो. ताटामागे १५० ग्रॅम दाणे धरले तरी १,३०० ताटं झाली. माझ्या हिशोबानं चार गुंठे; दहा जणांच्या वस्तीला एकर. दोनशे वर्षं घरात तसाच पडलेला सांगाडा मी एक वेळ खपवून घेईन, हे नाही.

पहिला प्रयत्न अर्थातच गाढवपणाचा: ताटं सुटी लावली. बिल्ड लिमिट (वस्तीत किती वस्तू मांडता येतात ती मर्यादा) उठवलं, चारशेच्या आसपास मशीननं मान टाकली. मग शंभर ताटांचं एकच स्टॅटिक कलेक्शन (अनेक वस्तूंची मिळून एक वस्तू) केलं, त्यालाच अन्नाचा आकडा दिला. आता तरी पळेल म्हटलं, तर फ्रेम रेट थेट २२!

तीन रात्री मी मेशला (ताटांच्या त्रिमित आकाराला) शिव्या घालत होतो. पोत (वस्तूंवर चढवलेली चित्रं) लहान केले, सावल्या बंद केल्या, ढिम्म फरक नाही. शेवटी एक्सएडिट या मॉड तपासायच्या प्रोग्रॅममध्ये माझं प्लगिन (मॉडची फाइल) उघडलं (या हत्याराला तोड नाही, नवख्यांनी आधी हेच शिकावं) तर चोर मीच. शेताला जागा हवी म्हणून घरांमागची वठलेल्या झुडपांची कुंपणं डिलीट केली होती. दोनशे वर्षं मॅसॅच्युसेट्सच्या पावसात वाळकं झुडूप उभं राहतंच कसं, हा माझा जुना राग. पण ती प्रीकम्बाइनमध्ये (वेग राखायला गेमनं आधीच एकत्र जोडून ठेवलेल्या वस्तूंत) होती, सेलचं (नकाशाच्या त्या तुकड्याचं) सगळं प्रीकम्बाइन मोडलं. मुकाट्यानं कुंपणं परत आणली आणि शेत बाजूला सरकवलं.

पुढची नोंद पाण्यावर लिहिणार होतो, पण हे टाइप करताना डोक्यात आलं: नुसता मका खाऊन माणसं टिकतील का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा (नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावानं होणारा, अंगावर चट्टे आणणारा रोग) व्हायचा. तो जंतूंनी नाही, आहारानं होतो हे अमेरिकी डॉक्टर गोल्डबर्गरनं १९१४ नंतर दाखवून दिलं. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवर जगणाऱ्यांतही तो आढळलाय. मेक्सिकोत मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवतात, त्यानं त्यातलं नायसिन अंगी लागतं. गेममध्ये मका आणि मटफ्रूट, टॅटो ही गेममधली पिकं शिजवून डिंक करायची कृती आहे; राखेच्या पाण्याची नाही!

तेव्हा पाणी थांबेल. आधी चुलीवर राखेच्या मक्याची कृती, आणि न केल्यास महिन्याभरानं अंगावर चट्टे. राखेला लाकूड लागणार. वठलेली कुंपणं आहेत समोरच, मीच परत लावलेली. तोडली की सेल पुन्हा २२ वर.