समाधीपाशी ऐकलेला ‘थादु’

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातल्या एका सकाळी मी रत्नागिरीत थिबा राजाच्या, म्हणजे इंग्रजांनी इथे नजरकैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाच्या, समाधीपाशी उभी होते, तेव्हा ब्रह्मदेशातून आलेली दहा-बारा माणसे तिथे प्रार्थना करीत होती. प्रार्थना संपत आली तशी त्यांच्यातील एका वृद्ध बाईंनी लहान भांड्यातले पाणी दुसऱ्या वाटीत थेंबाथेंबाने सोडायला सुरुवात केली. मग त्यांनी ‘अम्या, अम्या, अम्या’ असा उच्चार केला आणि बाकीचे एका सुरात ‘थादु, थादु, थादु’ म्हणाले. आमचे घर बौद्ध आहे, आणि विहारात वंदनेनंतर तीनदा ‘साधु’ म्हणण्याची सवय लहानपणापासूनची असल्यामुळे मी नकळत त्यांच्यामागून ‘साधु, साधु, साधु’ म्हटले. त्या बाईंनी वळून पाहिले, हसल्या आणि हात जोडले.

त्या दिवसापासून ब्रह्मी सणांचे शब्द जमवण्याचा मला नाद लागला, आणि त्यातली पहिली किल्ली मला त्या एका ‘थादु’ने दिली. पालीतील ‘स’ ब्रह्मी उच्चारात ‘थ’सारखा होतो. शील हे ‘थीला’, संघ हा ‘थंगा’, शासन म्हणजे पालीतील सासन हे ‘थाथना’. हा ‘थ’ मागे सारून ‘स’ ठेवला की परका वाटणारा शब्द एकदम घरचा होतो. पुण्यदानाच्या वेळी पाणी सोडतात ते पृथ्वीला साक्षी ठेवण्यासाठी, आणि त्या पृथ्वीदेवतेच्या ब्रह्मी नावात आपली वसुंधराच आहे, ‘स’च्या जागी ‘थ’ घेऊन. ‘अम्या’ म्हणजे समान वाटा. केलेल्या पुण्याचा वाटा सर्वांना सारखा मिळो, एवढाच त्याचा अर्थ. खुद्द थिबा राजाचे नाव ब्रह्मदेशातल्या शान प्रदेशातील ज्या संस्थानावरून पडले, त्याला तिथले लोक ‘सीपॉ’ म्हणतात. ब्रह्मी तोंडी त्याचे ‘थीबॉ’ झाले आणि रत्नागिरीकरांनी ‘थिबा’ केले. 1885 साली राजधानी मंडालेत राजाचे राज्य गेले, 1886 मध्ये त्याला इथे आणले, 1910 मध्ये भाट्याच्या खाडीकडे पाहणारा राजवाडा तयार झाला आणि 1916 च्या डिसेंबरात तो इथेच वारला. एवढे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते, पण त्याच्या माणसांचे सण कोणते, हे आम्हाला कोणी कधी सांगितले नाही.

एप्रिलच्या मध्यावर येणारा ‘थिंजान’ हा पाण्याचा सण म्हणजे मूळचा ‘संक्रांत’ हाच शब्द, कारण सूर्य मेष राशीत जातो त्या सुमारास ब्रह्मी वर्ष पालटते. त्या दिवसांत ‘थजामिन’ स्वर्गातून उतरतो असे मानतात. ‘मिन’ म्हणजे राजा आणि ‘थजा’ म्हणजे शक्र, अर्थात इंद्र. तो पुण्यवंतांची नावे सोन्याच्या पत्र्यावर आणि पाप्यांची कुत्र्याच्या कातड्यावर लिहून नेतो. आता रस्त्यांवर नळ्या लावून पाणी उडवतात, पण जुनी रीत मला फार सुंदर वाटते: वाडग्यातील सुगंधी पाण्यात ‘थब्ये’ची डहाळी बुडवायची आणि समोरच्याच्या खांद्यावर हलकेच शिंपडायची. थब्ये हे झाड आपल्या जांभळाच्या कुळातले आहे.

याच सणात रस्त्याकडेला मोठ्या कढया चढतात आणि ‘मोंलोंयेबॉ’ होतात. ‘मों’ म्हणजे खाऊ, ‘लों’ गोल, ‘ये’ पाणी आणि ‘बॉ’ तरंगणे. चिकट तांदळाच्या पिठाच्या गोळीत ताडगुळाचा खडा भरून ती उकळत्या पाण्यात सोडतात. आधी तळाशी बसलेली गोळी शिजली की वर येते, मग ती काढून तिच्यावर ओले खोबरे घालतात. मी ती एकदा आमच्या स्वयंपाकघरात केली. आईने एक गोळी फोडली, आतला वितळलेला गूळ बोटावर घेतला आणि म्हणाली, “अगं, हा मोदकच की. खोबरं तेवढं बाहेर राहिलंय.”

वैशाख पौर्णिमेला, म्हणजे ‘कसोन’ महिन्यात, बोधिवृक्षाला पाणी घालतात. ऐन उन्हाळ्यात झाडाला पाणी घालण्याहून अधिक उचित पूजा मला सुचत नाही. आषाढी पौर्णिमेला ‘वासो’, त्यातला ‘वा’ म्हणजे पालीतील वस्स, आपला वर्षावास. तिथेही नैऋत्येचाच पाऊस, भिक्खूंचा तीन महिने एकाच जागी मुक्काम, आणि आपल्या चातुर्मासासारखीच तेव्हा लग्ने होत नाहीत. अधिक मास मात्र त्यांच्याकडे नेहमी वासोचाच. आपल्यासारखा कधी अधिक श्रावण, कधी अधिक ज्येष्ठ असा प्रकार नाही, त्यामुळे एखाद्या वर्षी त्यांची पौर्णिमा आणि आमची पौर्णिमा यांत महिन्याचे अंतर पडते.

वर्षावास संपतो तो ‘थदिंजुट’ला. बुद्धाने तावतिंस नावाच्या देवलोकात मातेला अभिधम्म, म्हणजे धम्माचे सखोल तत्त्वज्ञान, सांगितला आणि तो पृथ्वीवर परतला, तेव्हा लोकांनी दिवे लावून त्याची वाट उजळली, या श्रद्धेने घराघरांत दिवे लागतात आणि धाकटी माणसे थोरांसमोर गुडघे टेकून आशीर्वाद घेतात. ‘थदिं’ म्हणजे उपोसथाचे, बौद्धांच्या उपासाच्या दिवसाचे, व्रत आणि ‘जुट’ म्हणजे सुटणे. मराठीत आपण उपास सुटला म्हणतो, अगदी तेच.

त्यानंतरच्या महिनाभरात चीवरदान, म्हणजे भिक्खूंना वस्त्रांचे दान, होते आणि कार्तिकी पौर्णिमेच्या आदल्या रात्री यांगूनच्या श्वेडगोन पॅगोडावर मुली हातमागांवर बसून पहाटेच्या आत चीवर विणून पुरे करतात. त्याला ‘मथो थिंगान’ म्हणतात. ‘म’ नकाराचा, ‘थो’ म्हणजे शिळे होणे, ‘थिंगान’ म्हणजे चीवर. सूर्य उगवण्याआधी अर्पण केलेले, शिळे न झालेले वस्त्र. ताजेपणाचा हा आग्रह आपण नैवेद्याच्या बाबतीत पाळतो, पण कापडही शिळे होऊ शकते, ही कल्पना मला या शब्दाने दिली.

आमच्या विहारात वर्षावासाची सांगता होते त्या आश्विन पौर्णिमेला गावात घरोघरी कोजागरीचे दूध आटत असते. गेल्या वर्षी त्या संध्याकाळी मी मुलांना ‘थदिंजुट’चा अर्थ सांगितला आणि आम्ही पायरीवर ओळीने पणत्या लावल्या. एका लहान मुलीने विचारले, “मग थिबा राजा इथे पणत्या लावायचा का?” समाधीवरही एक ठेवून येऊ या, असे तिनेच सुचवले, आणि आम्ही तेल-वात घेऊन निघालो.