क्यू आणि वेकहर्स्ट: काचेपलीकडचं काम बघायला जाणाऱ्यांसाठी

लंडनमधलं क्यू आणि ससेक्समधलं वेकहर्स्ट एका दिवसात उरकायचा बेत करू नका. या दोन्ही वनस्पती-बागा एकच संस्था चालवते, पण मधला प्रवासच बराच वेळ खातो. आधी क्यू, मग वेकहर्स्ट हा क्रम बरा. क्यूमध्ये दुर्मीळ वनस्पती वाचवण्यातल्या अडचणी दिसतात, वेकहर्स्टला त्यातल्या काहींवरचे उपाय.

क्यू गार्डन्स स्टेशनपासून व्हिक्टोरिया गेट चालत पाचेक मिनिटांवर आहे. आत शिरल्यावर फुलांआधी पाट्या वाचा. पाटीवरच्या नोंदणी क्रमांकाचे पहिले चार आकडे म्हणजे रोप बागेत आलं ते वर्ष. जंगलातल्या नेमक्या कुठल्या जागेहून आणलं याची नोंद असलेलं रोप संवर्धनाच्या कामाचं. ती नसेल तर ते कितीही देखणं असो, बहुतेक वेळा शोभेपुरतंच.

टेम्परेट हाउस या काचघरातला एन्सेफॅलार्टॉस वुडिआय हा सायकॅड (ताडासारखी दिसणारी प्राचीन वनस्पती) चुकवू नका. १८९५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याचं एकच झाड सापडलं, तेही नर. मादी आजवर मिळालेली नाही. बुंध्याला फुटणाऱ्या पिल्लांपासून त्याची रोपं अनेक बागांत वाढली, पण ती सगळी त्या एकाच झाडाच्या प्रती. मादी नाही म्हणून बी नाही, त्यामुळे बी साठवणाऱ्या बीज-बँकेचा इथे काही उपयोग नाही.

निम्फिया थर्मारम ही रवांडातल्या उष्ण झऱ्याकाठची चिमुकली वॉटर लिली. तिचं पान जेमतेम १ सेंटिमीटरचंही असतं. बाकीच्या लिलींसारखी पाण्याखाली ठेवली की तिची रोपं मरत. २००९ मध्ये क्यूचे कार्लोस माग्दालेना यांनी पाण्याची पातळी मातीच्या पृष्ठभागाइतकीच ठेवली आणि तापमान २५ अंश. रोपांना हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळाला, ती तगली. २०१४ मध्ये यातलं एक रोप काचघरातून चोरीला गेलं. दुर्मीळ रोपांची नेमकी जागा बागा का सांगत नाहीत, हे यावरून कळावं.

वेकहर्स्टसाठी हेवर्ड्‌स हीथ स्टेशनवर उतरून बस धरा. रानटी वनस्पतींचं बी साठवणारी मिलेनियम सीड बँक इथे २००० साली उघडली. तिची प्रयोगशाळा काचेतून दिसते, म्हणून कामकाजाच्या दिवशीच जा. सुट्टीला बहुधा रिकामी टेबलं बघावी लागतील. तळघरातली कोठारं पाहुण्यांना खुली नसतात.

काम बघताना क्रम ध्यानात ठेवा. आलेलं बी साफ होतं आणि त्याचा एक्स-रे निघतो. पोकळ किंवा किडकं बी बाहेरून धडधाकट दिसतं, त्यामुळे नुसत्या मोजणीने फसगत होते. मग १५ अंश आणि १५ टक्के आर्द्रतेच्या खोलीत सुकवण. ही पायरी घाईत उरकली तर उरलेल्या पाण्याचे स्फटिक गोठताना पेशी फाडतात. नीट सुकलेलं बी हवाबंद बरणीत, उणे २० अंशांत जातं. बरणीत ओलावा लागला की रंग बदलणारं सिलिका जेल असतं. रंग बदलला की झाकण गळतंय. ठरावीक वर्षांनी थोडं बी अगारवर (समुद्री शेवाळापासूनच्या जेलीवर) रुजवून पाहतात. रुजलं नाही म्हणजे मेलं असं नाही. काही बियांना आधी थंडी लागते, काहींना धूर, काहींच्या कवचाला चीर द्यावी लागते.

माहितीफलकांवर अब्जावधी बियांचे आकडे मोठे दिसतात. आमच्या मते तिथे विचारण्यासारखा प्रश्न वेगळा: काय साठवता येत नाही? ओक, आंबा, फणस यांचं बी सुकवलं की मरतं. त्यासाठी बियातल्या गर्भाचा छोटा भाग उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात, पण प्रत्येक जातीची रीत वेगळी बसवावी लागते. तोवर जिवंत झाडं राखणं हाच मार्ग. तीही सुरक्षित नाहीत: २०२२ च्या दुष्काळात क्यूमधली ४०० हून अधिक झाडं गेली. म्हणून आता लागवडीचं बी कुठल्या हवामानातून आलं हे पाहतात आणि अधिक उष्ण, कोरड्या प्रदेशांतली झाडं लावून बघतात. कोवळ्या झाडांच्या पाट्यांवरचा मूळ प्रदेश वाचलात तर हा बदल दिसेल.

वेकहर्स्टची बाग मोठी आणि चढउताराची आहे. सीड बँक आधी पाहा, दरीतली वाट नंतर, आणि परतीच्या बसची वेळ उतरतानाच बघून ठेवा. फेऱ्या मोजक्याच असतात.