तुम्ही विचारलंत म्हणून: स्वतःच्या रचना परक्यांच्या कानावर का घालता?

पालकसभा संपली होती. एका विद्यार्थिनीचे वडील दारात थांबले आणि म्हणाले, “मॅडम, गणपतीत तुम्ही गाणी फार सुंदर वाजवलीत. मग ते स्वतःचं काहीतरी बसवून इंटरनेटवरून कुणाकुणाला पाठवता, आणि ते लोक चुका काढतात, असं ऐकलं. कशाला ते?” हाच प्रश्न मावसबहिणीने विचारलाय, शेजारच्या काकूंनी विचारलाय, घरात तर दर दिवाळीला निघतो. दारात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट बसून लिहिते.

मी सांगलीत राहते, शाळेत गणित शिकवते आणि रात्री साडेनऊनंतर सिंथेसायझर वाजवते. ६१ पट्ट्यांचा जुना कीबोर्ड केबलने लॅपटॉपला जोडलाय आणि लॅपटॉपवर सर्ज एक्सटी नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. कोणती पट्टी दाबली आणि किती जोरात दाबली एवढं कीबोर्ड सांगतो, आवाज लॅपटॉपमध्ये तयार होतो. तो कसा उठावा, किती वेळ टिकावा, बोट उचलल्यावर कसा विरावा, हे सगळं आपण ठरवायचं. एकेका आवाजावर माझी अख्खी रात्र गेली आहे.

ओळखीचं गाणं वाजवताना ते ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असतं. माझ्या बोटांतून अर्धं सुटलं तरी तो मनातून भरून घेतो आणि वर कौतुक करतो. स्वतःच्या रचनेला हा आधार नसतो. आणि मोठी अडचण अशी की मला स्वतःला ती कायम पूर्णच ऐकू येते. जे वाजलंच नाही, तेही माझ्या डोक्यात वाजत असतं. ते खरोखर फाइलमध्ये उतरलंय की नाही हे सांगायला दुसराच माणूस लागतो, आणि तो माझ्या घरातला नसलेला बरा. घरच्यांना मी दिवसभरात किती दमले हे माहीत असतं, त्यामुळे ते माझ्याकडे बघून ऐकतात.

एकमेकांच्या रचना ऐकणारे आम्ही नऊ जण आहोत. नाशिकचे एक काका, एसटीतून निवृत्त झालेले, त्यांनी तीस वर्षं कीर्तनात पेटीची साथ केली आहे. रत्नागिरीच्या एक सिस्टर आहेत, रात्रपाळी करून सकाळी वाजवायला बसतात. एक मुलगा पुण्यात शिकतो, एक गृहस्थ मडगावचे. बाकीचेही असेच, आपापली नोकरी सांभाळून वाजवणारे. महिन्याच्या पहिल्या रविवारी ज्याची रचना तयार असेल त्याने ती सगळ्यांना पाठवायची आणि बाकीच्यांनी आठवड्याभरात ऐकून लिहायचं. ‘छान’, ‘मस्त’ आणि अंगठा यांना आमच्यात मनाई आहे. मिनिट आणि सेकंद लिहायचा, आणि तिथे काय ऐकू आलं ते सांगायचं.

एका रचनेची हकीकत सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. आम्ही वरच्या मजल्यावर होतो, वीज गेलेली, आणि खाली जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जात होत्या. पाणी आवाज न करता चढत होतं. तो काळोख मनातून गेला नाही. दोन वर्षांनी त्यावर चार मिनिटांची रचना केली, नाव ठेवलं ‘आयर्विन’, आमच्या पुलाचं. सुरुवातीला काळी एकच्या खर्जातला नुसता षड्ज, हळूहळू भरत जाणारा, आणि पुढे दरबारी कानडा रागाचे स्वर. हेडफोनवर ऐकताना माझ्याच अंगावर काटा यायचा.

सिस्टरांचं उत्तर सगळ्यात आधी आलं. “ताई, पहिली पन्नास सेकंद काहीच ऐकू येत नाही. फाइल बिघडली आहे का?”

फाइल बिघडली नव्हती. त्यांनी ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकली होती. माझा षड्ज सेकंदाला साधारण ६९ कंपनांचा, आणि तो मी साइन लहरीवर बनवलेला, म्हणजे त्यात मूळ कंपनाखेरीज काहीही नाही. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरला इतका खालचा आवाज काढताच येत नाही. ज्या पुरामुळे ही रचना झाली तो पूरच त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. मग साइन काढून सॉटूथ लहर घेतली. तिच्यात मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या कंपनांची रांग असते. स्पीकरने मूळ स्वर गाळला तरी त्या रांगेवरून कान तो ओळखून घेतो. वरची कंपनं गाळणारा फिल्टर बराचसा मिटवून ठेवला, म्हणजे आवाज कर्कश होत नाही. आता मोबाइलवरही पाणी चढताना ऐकू येतं. रात्रपाळी संपवून बसथांब्यावर उभ्या असलेल्या बाईने मला हे शिकवलं.

काकांचं उत्तर चार दिवसांनी आलं. “ताई, ३ मिनिटं ८ सेकंद. गंधार खडा लागलाय. दरबारीचा गंधार असा उभा राहत नसतो.”

हे मला कळत होतं आणि मी ते टाळत होते. दरबारीतला कोमल गंधार आंदोलित असतो. मध्यमाला स्पर्श करून खाली येतो आणि संथ झुलतो. पेटीवर हे होत नाही, कारण पट्टी दाबली की स्वर ठरलेल्या जागी उभा. याच कारणासाठी जाणकार पेटीवर रुसले, आणि १९४० मध्ये रेडिओवरून हटवलेली पेटी १९७१ पर्यंत तिथे परतली नाही. माझ्याकडे तर सिंथ होता. मी आपोआप कंप देणारा एलएफओ लावला, गती अगदी कमी ठेवली आणि फाइल पुन्हा पाठवली. काकांनी एका ओळीत लिहिलं, “हा शिवणयंत्रासारखा हलतोय, प्रत्येक हेलकावा एकाच मापाचा.”

मग डाव्या हाताचं, स्वर वर-खाली सरकवणारं पिच बेंडचं चाक घेतलं. गंधार दाबला, चाक फिरवलं, तर गंधाराबरोबर खालचा षड्जही हलला. सगळा पूलच डोलायला लागला. पिच बेंडचा संदेश पूर्ण चॅनेलला जातो, एकट्या स्वराला नाही. म्हणून षड्जाला वेगळा चॅनेल दिला. तरीही जमेना. चाक सोडलं की स्प्रिंगने मध्यावर येतं आणि गंधार पुन्हा खडा.

त्या रात्री काकांनी फोन केला. साठी ओलांडल्यावर त्यांनी पहिला कीबोर्ड घेतला, त्याला चाक होतं, आणि पेटीवर जन्मभर जे करता आलं नाही ते ते सकाळ-संध्याकाळ त्या चाकावर करत बसत. म्हणाले, “ताई, तुम्ही गंधार दाबताच कशाला? रिषभ दाबा आणि गंधार चाकात शोधा.”

मी वही काढली. रिषभापासून कोमल गंधार एक अर्धस्वर, आणि मध्यम तीन अर्धस्वर. चाकाचा पल्ला बहुतेक वाद्यांत दोन अर्धस्वरांचा असतो, तो बदलून तीन केला. आता रिषभाची पट्टी दाबून चाक पूर्ण वर नेलं की मध्यम, आणि एक तृतीयांशावर गंधार. म्हणजे मध्यमावरून उतरत यायचं आणि त्या एक तृतीयांशाच्या आसपास अंगठ्याने झुलायचं. कुठे किती रेंगाळायचं हे अंगठा ठरवणार, त्यामुळे दोन हेलकावे सारखे होत नाहीत. कीबोर्ड आणि लॅपटॉप एकमेकांशी ज्या सांकेतिक भाषेत बोलतात त्या मिडीत बहुतेक गोष्टी ० ते १२७ अशा १२८ पायऱ्यांत मोजतात. या एका चाकाला मात्र १६,३८४ पायऱ्या ठेवल्या आहेत. १९८३ मध्ये मिडी आणणाऱ्यांना स्वर सरकताना कान किती बारीक ऐकतो याची जाण होती, असं मला ती संख्या बघून नेहमी वाटतं. तीन आठवडे रोज अर्धा तास मी रिषभ दाबून गंधार शोधत होते. एवढा गणिताचा आनंद मला वर्गात क्वचित मिळालाय.

आमच्या मातीत हे नवीन नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल निवृत्त डेप्युटी कलेक्टर. बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरभेदांचं, माप बसवायचा त्यांना ध्यास. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेऊन त्यांनी स्वर मोजले, १९१० मध्ये ते छापलं, आणि क्लेमंट्स नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीने श्रुतींची पेटी घडवून घेतली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती जाणकारांपुढे मांडली गेली आणि पुष्कळांना पटली नाही. पेटी मागे पडली. पण एका नोकरदार माणसाने पट्ट्यांच्या वाद्यातून गळ्यातला स्वर काढायचा प्रयत्न केला आणि तो ज्यांना खरंच ऐकू येतं त्यांच्यापुढे नेला, याबद्दल मला देवलांविषयी फार आदर आहे. आयर्विन पुलावरून जाताना त्यांची आठवण येते.

याच्या उलटही घडतं. मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये दहा राग रोलंडच्या तीन यंत्रांवर बसवून तबकडी काढली. ज्युपिटर-८ हा सिंथ, टीबी-३०३ हे खर्जाच्या आवाजाचं यंत्र आणि टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र. तबकडी फारशी खपली नाही. २०१० मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली तेव्हा लोक चकित झाले, कारण शिकागोत १९८७ च्या सुमाराला टीबी-३०३ मधून जे नाचाचं संगीत निघालं, त्याच्या जवळचं काहीतरी या माणसाने आधीच वाजवून ठेवलं होतं. मधली अठ्ठावीस वर्षं ते काम जवळपास न ऐकलेलं राहिलं. कुणी तेव्हाच ‘या जागी काय केलंत, पुन्हा करून दाखवा’ असं म्हटलं असतं तर पुढची तबकडी कशी झाली असती, हे मनात येतंच.

पाठवण्याचं एक सांगते, कारण यात बरेच जण फसतात. रचना व्हॉइस नोट म्हणून पाठवू नका. ती बोलण्यासाठी बनवलेली सोय आहे, त्यात डावा-उजवा एक होतो आणि आवाज दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून जोडा. वेव्ह फाइल मिनिटाला १० एमबी होते, जड वाटली तर ३२० केबीपीएसचा एमपीथ्री पुरतो. कीबोर्ड कोणता घ्यावा हेही विचारतात. घरात असेल तो.

आता एक गोष्ट जी माझ्या हातून वाईट झाली. तीन वर्षांपूर्वी एका तरुण मुलाने त्याची पहिली रचना पाठवली. रात्री जागून केलेली होती, फाइलच्या नावातच पहाटेची वेळ होती. मी ती वह्या तपासायच्या टेबलावर बसून ऐकली आणि वह्याच तपासल्यासारखं लिहिलं. अकरा चुका, वेळेसकट. कुठे ठेका घाईचा, कुठे रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, इतका की स्वर एकमेकांत कालवलेले, कुठे दोन आवाज एकाच सप्तकात एकमेकांना झाकतायत. एकही चूक खोटी नव्हती. दुसऱ्या मिनिटाला त्याने सगळे आवाज थांबवून एकटी बासरी ठेवली होती, श्वास रोखावा अशी जागा. ती मला ऐकू आली होती, आवडली होती, आणि मी ती लिहिलीच नाही. त्याने “धन्यवाद मॅडम” एवढं लिहिलं. त्यानंतर त्याने काही पाठवलेलं नाही. मी दोनदा त्या बासरीबद्दल लिहिलं, उत्तर आलं नाही. आता पहिल्यांदा पाठवणाऱ्याला मी एकच जागा लिहिते, जिथे मी हातातलं काम सोडून ऐकायला लागले ती. बाकीचं त्याने विचारलं तर.

‘आयर्विन’ पाचव्यांदा पाठवली तेव्हा काकांनी काही लिहिलं नाही. आठ दिवसांनी त्यांच्याकडून एक फाइल आली. माझा तो षड्ज खाली ठेवून त्यांनी वर स्वतःचा गंधार वाजवला होता, चाकावर, माझ्यापेक्षा संथ. शेवटी त्यांचा आवाज: “ताई, तुमचा बघून केला.” ती फाइल मी लॅपटॉपवर, मोबाइलमध्ये आणि पेनड्राइव्हवर अशी तीन ठिकाणी ठेवली आहे.

त्या वडिलांना हे सगळं दारात सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहिलं. सिस्टरांची नवी रचना रविवारी आलीये, वॉर्डातल्या मॉनिटरच्या टिकटिकीवर बसवलेली. दोनदा ऐकली. २ मिनिटं १४ सेकंदाला ती टिकटिक ठेक्यातून निसटते आणि दोन मात्रांनी परत सापडते. मुद्दाम केलंय की हात घसरलाय ते अजून ठरत नाही. वह्या संपल्या की तिसऱ्यांदा ऐकते, मग लिहीन.