सगळं फोनवर असताना ते खोकं कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. घरी जो कोणी येतो तो कपाटाच्या खालच्या फळीवरचं ते जाडजूड खोकं बघतो आणि विचारतो, अगं हे सगळं आता फोनवर मिळतं की, मग ह्या सहा तबकड्या कशाला सांभाळतेस, जागा केवढी खातंय ते. दरवेळी मी चहा ठेवता ठेवता काहीतरी अर्धवट सांगते आणि मग रात्री वाटत राहतं की नीट सांगायला हवं होतं.

तर खोकं म्हणजे 'द स्मिथसोनियन कलेक्शन ऑफ क्लासिक जाझ'. 1973 साली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने काढलेला संच, सहा एलपी म्हणजे बारा बाजू, सोबत एक पुस्तिका. निवड मार्टिन विल्यम्स या समीक्षकाची. बिक्स बायडरबेक, बेनी गुडमन असे थोडे गोरे वादक आहेत त्यात, पण बाकी जवळजवळ सगळा संच कृष्णवर्णीय कलाकारांचा, कारण हे संगीत मुळात त्यांचंच. मला हा जुन्या रेकॉर्ड विकणाऱ्या एका माणसाकडे मिळाला, खोक्याचा एक कोपरा ओल लागून फुगलेला, तिसऱ्या तबकडीवर एक ओरखडा, पण पुस्तिका शाबूत होती आणि माझ्यासाठी तेच मोठं होतं.

आता मुद्दा. फोनवर गाणी आहेत, मान्य. पण ह्या खोक्यात क्रम आहे. कोणीतरी वर्षानुवर्षं ऐकून, वेगवेगळ्या कंपन्यांकडून परवानग्या मिळवून, ह्याच्यानंतर हेच का हे ठरवलंय. पहिल्या बाजूवर सुरुवातीलाच 'मेपल लीफ रॅग' दोनदा येतं, एकापाठोपाठ एक! आधी स्कॉट जॉप्लिनचं, 1916 च्या पियानो रोलवरून घेतलेलं, म्हणजे भोकं पाडलेल्या कागदावरून पियानो आपोआप वाजतो ते, आणि लगेच जेली रोल मॉर्टनने 1938 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी, वाजवलेलं. तीच रचना. पण जॉप्लिनकडे सगळं ताठ, लिहिल्याप्रमाणे, आणि मॉर्टनच्या हातात तीच चाल झोके घ्यायला लागते, सूर ठोक्याच्या जरा आधी येतात, जरा मागे रेंगाळतात, डावा हात एखाद्या बँडसारखा बोलतो. रॅगटाइमचं, म्हणजे जाझच्या आधीच्या त्या लिहून बसवलेल्या पियानो संगीताचं, जाझ कसं झालं ह्यावर मी बरंच वाचलं होतं, पण ते कळलं ह्या काही मिनिटांत. फोनवर ही दोन्ही आहेत, पण एकाच्या मागे दुसरं लावून द्यायला तिथे कोणी नाही.

मग पुढे किंग ऑलिव्हरचं 'डिपरमाउथ ब्लूज', 1923, रिचमंड नावाच्या इंडियानातल्या गावी जेनेट कंपनीच्या स्टुडिओत केलेलं. तेव्हा माइक नव्हता, सगळ्यांनी एका मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं आणि त्या आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरायची. लुई आर्मस्ट्राँग तेव्हा ऑलिव्हरच्या हाताखाली दुसरा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचा आखूड भाऊ, वाजवायचा, त्याचा आवाज एवढा दणदणीत की त्याला बाकीच्यांपासून बराच मागे उभं केलं होतं असं सांगतात. आणि हे वाचून मी कितीतरी वेळ गप्प बसले होते, की त्याच कंपनीच्या कारखान्यात कू क्लक्स क्लॅनच्या, म्हणजे काळ्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेच्या, तबकड्याही पैसे घेऊन छापल्या जायच्या. एकाच यंत्रातून दोन्ही! ती रेकॉर्ड लावली की खरखरीच्या मागून मला ते गावही ऐकू येतं.

पण मला सांगायचंय ते बेसी स्मिथचं. 'सेंट लुईस ब्लूज', 14 जानेवारी 1925, कोलंबिया कंपनीसाठी. गाणारी बेसी, कॉर्नेटवर आर्मस्ट्राँग, बस, आणि तिसरा एक माणूस, फ्रेड लाँगशॉ. एका रविवारी मी ही बाजू लावली होती आणि बाबा आत पेपर वाचत होते. बाबांचा जाझशी काडीचा संबंध नाही, ते नाट्यसंगीतातले, गावच्या जत्रेतल्या नाटकांना आजोबा ऑर्गनवर बसायचे आणि बाबा लहानपणी शेजारी बसून त्यांचे पाय बघायचे. तर गाणं सुरू झालं, पहिलाच सूर लांबला, आणि बाबा पेपर तसाच हातात धरून बाहेर आले आणि म्हणाले, "अगं, ही तर पायपेटी." मी म्हटलं, नाही हो बाबा, काहीतरी वेगळं असेल. पुस्तिका काढली, यादी बघितली, तर लाँगशॉच्या नावापुढे स्पष्ट लिहिलेलं, हार्मोनियम. बाबा उभ्याउभ्याच ऐकत राहिले. बेसी एक ओळ टाकते, आर्मस्ट्राँग तिला कॉर्नेटवर उत्तर देतो, ती परत म्हणते, तो परत, आणि खाली ती पेटी नुसता सूर धरून बसलेली, कुठेही पुढे पुढे करत नाही. संपल्यावर बाबा म्हणाले, "साथ करणाऱ्याला गाणं कळलंय." आणि परत लाव म्हणाले.

त्या दिवशी ती यादी नसती तर? माझ्या फोनवर तेच गाणं काढलं तर बेसी स्मिथचं नाव दिसतं आणि खाली एक चित्र. लाँगशॉ नाहीच. शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने पाय मारत सूर धरला, माझ्या बाबांना तो लगेच ओळखू आला, आणि त्याचं नाव कुठे तर ह्या पुस्तिकेत. खोकं सांभाळण्याचं माझं खरं कारण हे आहे.

कारण ह्या लोकांचं नाव आणि पैसा दोन्ही सहज गेलेत हो. काळ्या गिऱ्हाइकांसाठीच्या तबकड्या कंपन्या 'रेस रेकॉर्ड्स' म्हणून वेगळ्या काढायच्या. बेसीला तबकडीच्या एका बाजूमागे ठरलेली रक्कम मिळायची, रॉयल्टी नाही, आणि तिच्या तबकड्या तर तुफान खपत होत्या. 1937 मध्ये मिसिसिपीत मोटार अपघातात ती गेली. तिच्या थडग्यावर 1970 पर्यंत साधा दगडही नव्हता, तेहतीस वर्षं. शेवटी तो बसवला रॉक गायिका जॅनिस जॉप्लिनने आणि वॉनिटा ग्रीन नावाच्या बाईंनी मिळून, ह्या ग्रीनबाई लहानपणी बेसीच्या घरी साफसफाईचं काम करायच्या. आपल्याकडेही नाव राहतं गाणाऱ्याचं, तबलजी आणि पेटीवाले कोण होते ते शोधत बसावं लागतं, त्यामुळे हे मला फार लागतं.

बाकी संचात काय काय आहे ते सगळं सांगत नाही, पण दोन-तीन गोष्टी राहवत नाहीत. 'वेस्ट एंड ब्लूज', 28 जून 1928. सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकटाच, ना ठेका ना साथ, दहा-बारा सेकंदांत ट्रंपेट खालपासून वरपर्यंत फिरवून आणतो आणि मगच बाकीचे येतात. आलाप ऐकून वाढलेल्या माणसाला ह्यात काही समजावून सांगावं लागत नाही. शेवटाकडे तर तो एकच वरचा सूर चार आवर्तनं, म्हणजे त्यांचे चार बार, नुसता धरून ठेवतो, श्वास आपला अडकतो. वय वर्षं सव्वीस! आणि सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचं 'एम्ब्रेसेबल यू' इथे दोनदा दिलंय, एकाच दिवशी, 28 ऑक्टोबर 1947 ला केलेले दोन टेक, म्हणजे दोनदा केलेलं ध्वनिमुद्रण, आणि एक दुसऱ्यासारखा अजिबात नाही. पहिल्यात तो सहा सुरांचा एक छोटासा तुकडा घेतो आणि त्याचाच विस्तार करत जातो, मूळ चाल जेमतेम दिसते. तीच चीज, तोच बुवा, दोन बैठका.

सॅक्सोफोन वाजवणाऱ्या जॉन कोल्ट्रेनचं 'अलाबामा' मात्र मी सहज लावत नाही. 15 सप्टेंबर 1963, रविवार सकाळ, अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅममधल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटला आणि चार मुली गेल्या. ॲडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन ह्या चौदा वर्षांच्या, डेनिस मॅकनेअर अकराची. दोन महिन्यांनी कोल्ट्रेनने हे वाजवलं. शब्द नाहीत. पियानो खाली नुसता गुंजत राहतो, तानपुऱ्यासारखा, आणि वर सॅक्सोफोन एखाद्याने हळू आवाजात नावं वाचावीत तसा बोलतो.

आणि हे सगळं लांबचं, आपला काय संबंध, असं म्हणणाऱ्यांना एकच सांगते. 1926 मध्ये शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच बँडमध्ये, एकाच रेकॉर्डवर पियानो वाजवणारा टेडी वेदरफोर्ड पुढे दहा वर्षांत मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. 1945 मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. त्या ताजच्या बँडवाल्यांकडून आपले गोव्याचे वादक शिकले, चिक चॉकलेट म्हणजे अल्दोनाचे अंतोनियो झेवियर वाझ, त्यांना मुंबईचा लुई आर्मस्ट्राँगच म्हणायचे, आणि ते पुढे सी. रामचंद्रांबरोबर होते. 'अलबेला'मधला ट्रंपेट ज्यांच्या कानात आहे त्यांच्या कानात ह्या खोक्यातलं थोडं आधीपासूनच आहे.

तर खोकं मी देणार नाही, पण तुम्हाला ते विकत घ्यायचीही गरज नाही. फोनवरच ऐका, फक्त शोधून, ह्या क्रमाने ऐका. आधी जॉप्लिनचं मेपल लीफ, लगेच मॉर्टनचं, मधे काही लावू नका. मग डिपरमाउथ. मग बेसी, आणि ते हेडफोन लावून, म्हणजे खालची पायपेटी ऐकू येईल. वाजवणारा फ्रेड लाँगशॉ.