मोठेबाबांचं नाक आणि सोविन्यॉं ब्लां

भाचा नाशिकहून येताना सोविन्यॉं ब्लां या पांढऱ्या वाइनची बाटली घेऊन आला. यवतमाळकडचा मे महिना, त्यात दुपारपासून लाइन गेलेली. ही वाइन प्यायची साधारण 8 ते 10 अंशांवर. कोमट झाली की नुसती दारू नाकात शिरते, फळाचा वास हरवतो. शेवटी पानठेल्यावरून बर्फ आणून बाटली बादलीत बुडवली.

रंग फिकट, किंचित हिरवट. मी आपला लिंबाची साल, कच्चा पेरू असं काहीबाही बोलत होतो. मोठेबाबांनी ग्लास नाकाशी नेला न् म्हणाले, "याले तं शिमला मिरचीचा वास येते बाप्पा!"

सगळे हसले. पण म्हातारा शंभर टक्के बरोबर! ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारी पायराझिन्स नावाची संयुगं या वाइनच्या द्राक्षातही असतात. द्राक्ष पिकत जातं, घडावर ऊन पडतं, तशी ती कमी होतात. जन्मभर भाजीपाला पिकवलेलं नाक आहे ते, उगाच नाही.

घोट कोरडा, आंबट, गालांत पाणी सुटेल असा. लोण्याचा वास नाही. तो प्रांत शार्डोने या दुसऱ्या पांढऱ्या वाइनचा.

जेवायला मात्र पाटवडीचा झणझणीत रस्सा. तिथं वाइनचा निभाव लागेना, तिखटावर अल्कोहोल अजूनच जाळतं. काकडी अन् खारे शेंगदाणे यांच्याशी मस्त जमलं.

दुसरा ग्लास मागताना मोठेबाबा म्हणतात, "जराशी साखर टाक बरं यात." भाच्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं 😄